वसईचा कोट : छायाचित्रांत उरलेले एक युरोपीय नगर

१/९
ऐतिहासिक युरोपीय नगराचे छायाचित्र म्हटले की लिस्बन किंवा रोम आठवते. परंतु असे एक नगर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. भातसानगरहून निघालेले भातसेचे पाणी काळू-उल्हासमार्गे ज्या खाडीतून समुद्रास मिळते, तिच्याच मुखाशी वसईचा कोट उभा आहे.

२/९
१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे दोन शतके तटाच्या आत चर्च, मठ, वाडे आणि चौक असलेले नगर नांदले. पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची ती राजधानी होती.

३/९
मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली. बरोबर १०० वर्षांनी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये दागेरोच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा झाली. त्यामुळे गजबजलेल्या वसईचे एकही छायाचित्र असणे शक्य नाही. कॅमेऱ्याला दिसली ती केवळ ओसाड वसई.

४/९
मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळची ओल्या काचेची पद्धत मोठी कष्टाची. काचेवरील कलोडियनचा थर ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. म्हणजे काळोखा तंबू, रसायने आणि पाणी असा सारा सरंजाम सोबत हवा.

५/९
१८७६ मध्ये डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात १७ छायाचित्रे होती. गोव्यात जन्मलेल्या या वैद्यक-संशोधकाने शिलालेख व कागदपत्रांच्या जोडीला कॅमेऱ्याची साक्ष उभी केली.

६/९
या साक्षीचे मोल मोठे आहे. वड-पिंपळाची मुळे, पावसाळे आणि दगडांची पळवापळवी यांनी वास्तू झिजत राहते. कोणती कमान केव्हा शाबूत होती, हे जुन्या चित्राशी ताडून पाहता येते. वर्णन अतिशयोक्ती करू शकते; काच सहसा करीत नाही.

७/९
मात्र काचही सारे सांगत नाही. रिकाम्या घंटाघराच्या चित्रात घंटा कोठे गेली, हे दिसत नाही. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर येथील पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयाच्या खुणा मानल्या जातात. नगराचे काही अवशेष असे चौकटीबाहेर, देवळांत नांदत आहेत.

८/९
माणसांचेही तसेच. भग्न भिंती पाहून ‘मृत नगर’ हा शब्द सहज सुचतो. पण कोटाबाहेरच्या गावांत ख्रिस्ती समाज आपली मराठी बोली, चर्च आणि वाड्या राखून आजही राहतो. सत्ता गेली, तट ओस पडला. वसई मात्र मेली नाही.

९/९
आज कोटात रोज असंख्य छायाचित्रे निघतात. बहुतेकांत भिंत ही केवळ पार्श्वभूमी असते. त्यांतील एखादे चित्र स्थळ व दिनांक नोंदवून, वास्तू पूर्ण दिसेल असे घेतले, तर शंभर वर्षांनी तेही पुरावा ठरेल. जतनाचे पहिले पाऊल नोंद हेच आहे.