प्रिमा बॅलेरिना : पद, मान आणि रंगमंचावरची सत्ता

बॅले कंपनीतल्या नर्तिकांची उतरंड ठरलेली असते. तळाशी ‘कोर द बॅले’, म्हणजे हंस, परी किंवा गावकरी होऊन ओळीत नाचणारा समूह. त्यावर छोट्या गटांत पुढे येणाऱ्या कोरिफे, मग एकल नृत्याच्या मानकरी सोलोइस्ट आणि शिखरावर प्रिमा बॅलेरिना. ‘जिझेल’मधली जिझेल, ‘स्लीपिंग ब्यूटी’तली ऑरोरा, ‘स्वान लेक’मधली ओडेट आणि तिची मायावी प्रतिमा ओडिल या भूमिका तिच्या हक्काच्या. दोन अडीच तासांच्या प्रयोगाचा भार तिच्यावर असतो. शिवाय नायकाबरोबरच्या युगुलनृत्यात संथ आदाजिओ, दोघांची स्वतंत्र नृत्यं आणि शेवटची द्रुत कोडा या सगळ्यांत तिला उतरावं लागतं. अभिनय आणि तंत्र यांतलं एकच ज्या नर्तिकेकडे असतं, ती सहसा सोलोइस्टच्या पायरीवर थांबते.

हे शिखर स्त्रीच्या वाट्याला फार उशिरा आलं. बॅले इटलीच्या आणि फ्रान्सच्या दरबारांत वाढला, चौदाव्या लुईने 1661 मध्ये नृत्याची राजेशाही अकादमी स्थापली. पण पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा दिसली ती 1681 मध्ये. तोवर स्त्रीभूमिका पुरुषच मुखवटे घालून करत. पुढे मारी कामार्गोने पायांचं काम दिसावं म्हणून घागरा आखूड केला, तर तिची समकालीन मारी साले हिने 1734 मध्ये लंडनमध्ये साधं मलमलीचं वस्त्र नेसून, केस मोकळे सोडून नाचण्याचं धाडस केलं. एकीची कीर्ती तंत्राची, दुसरीची भावाची.

पारडं पूर्ण फिरलं 1832 मध्ये. पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ रंगमंचावर आला आणि मारी तालियोनी पायाच्या बोटांच्या टोकांवर तोलून अशी नाचली की प्रेक्षकांना ती जमिनीला टेकलेलीच वाटेना. टोकांवर उभं राहणाऱ्या नर्तिका तिच्याआधीही होत्या. ती कसरत न वाटता पात्राचा स्वभाव वाटावी, हे तिचं कर्तृत्व. त्यानंतरची काही दशकं नर्तक केवळ आधार देण्यापुरता उरला. 1870 च्या ‘कोपेलिया’त तर नायक फ्रान्झची भूमिकाही एका नर्तकीलाच दिली गेली. शिखरावर पोचलेल्या नर्तिकांची मागणी युरोपभर होती आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक त्यांच्या मर्जीवर जगत. 1845 मध्ये लंडनच्या बेंजामिन लुमलीने तालियोनी, कार्लोत्ता ग्रिसी, फानी चेरितो आणि लुसील ग्रान या चौघींना एकाच नृत्यात उभं केलं. बॅलेच्या रिवाजात शेवटी येण्याचा मान मोठा. तो तालियोनीचा, यावर दुमत नव्हतं. भांडण लागलं ते उरलेल्यांपैकी दोघींत, तिच्या आधीच्या जागेवरून. लुमलीने मार्ग काढला : जी वयाने मोठी, ती नंतर. हे ऐकताच हट्ट धरून बसलेल्या दोघी मागे सरकल्या.

पदाला शिस्तीचा पाया दिला मिलानने. ला स्काला नाट्यगृहाची नृत्यशाळा 1813 मध्ये सुरू झाली आणि 1837 पासून कार्लो ब्लासिस यांनी तिथे जी काटेकोर तालीम घडवली, तिच्यातून पोलादी तंत्राच्या नर्तिकांची पिढी निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या सेंट पीटर्सबर्ग गाजवू लागल्या. 1890 मधली पहिली ऑरोरा कार्लोत्ता ब्रियांझा ही मिलानचीच. पिएरिना लेन्यानीने 1895 मध्ये मारीन्स्की नाट्यगृहातल्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायाच्या टोकावर उभं राहून, दुसरा पाय झटक्याने फिरवत, सलग 32 गिरक्या घेतल्या. त्या 32 गिरक्या ओडिलच्या भूमिकेला कायमच्या चिकटल्या आणि आजही प्रेक्षक त्या मोजतात, ही गोष्ट बॅलेला फारशी भूषणावह नाही. पण लेन्यानीची थोरवी खरी होती. तिच्यासाठीच ‘प्रिमा बॅलेरिना आसोलुता’, म्हणजे सर्वश्रेष्ठांतली निर्विवाद पहिली, हा मान प्रचारात आला.

तिच्यानंतर हा मान मिळालेली माटिल्डा क्शेसिन्स्काया अस्सल गुणवान होती. लेन्यानीच्या गिरक्या आत्मसात करणारी ती पहिली रशियन नर्तिका. मात्र तिच्यामागे राजघराण्याचं वजनही होतं. निकोलस दुसरा झार होण्यापूर्वी तिचं त्याच्याशी प्रेमप्रकरण होतं. कामार्गोच्याच आयुष्यावरच्या एका बॅलेत सांगितलेला फुगीर पोशाख घालायला तिने नकार दिला, तेव्हा नाट्यगृहांचे संचालक प्रिन्स वोल्कोन्स्की यांनी तिला दंड केला. तिने थेट झारकडे तक्रार नेली, दंड रद्द झाला आणि 1901 मध्ये वोल्कोन्स्की पद सोडून गेले. गुणांवर मिळालेला मान आणि वशिल्यावर गाजवलेली सत्ता वेगळी करणं किती अवघड, हे या प्रकरणाइतकं क्वचितच कुठे दिसतं.

प्रिमाचा हट्ट दर वेळी कलेच्या मुळावर येतोच असं नाही. मॉस्कोत 1877 मध्ये ‘स्वान लेक’चे पहिले प्रयोग झाले, तेव्हा प्रमुख नर्तिका आन्ना सोबेश्चान्स्काया हिला आपल्या वाट्याचं नृत्य अपुरं वाटलं. तिने सेंट पीटर्सबर्ग गाठून नृत्यरचनाकार मारिउस पेतिपांकडून एक युगुलनृत्य बसवून घेतलं, संगीत मिंकुस यांचं. आपल्या रचनेत परक्याचं संगीत ‘स्वान लेक’चे संगीतकार चायकोव्स्कींना खपणारं नव्हतं. नर्तिकेला पुन्हा तालीम करावी लागू नये म्हणून त्यांनी त्याच नृत्याच्या मापाने नवं संगीत लिहून दिलं. ते पुढे विस्मृतीत गेलं, 1953 मध्ये सापडलं, आणि नृत्यरचनाकार जॉर्ज बालांचिन यांनी 1960 मध्ये त्यावर रचलेलं नृत्य आज जगभर नाचलं जातं.

आन्ना पाव्हलोवा 1906 मध्ये मारीन्स्कीची प्रिमा झाली, पण तिचं नाव झालं ते नाट्यगृह सोडून स्वतःची कंपनी घेऊन देशोदेशी हिंडताना. 1920 च्या दशकात ती दोनदा भारतात आली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेला बॅले तिच्या कंपनीने 1923 मध्ये लंडनला सादर केला आणि त्याच वर्षी उदय शंकर तिच्याबरोबर राधा-कृष्णाच्या नृत्यात उभे राहिले. मुंबईत तिचा प्रयोग पाहिलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल पुढे तिच्याच सल्ल्यावरून भारतीय नृत्याकडे वळल्या. मुंबईच्या मेनका अर्थात लीला सोखी यांनीही तिच्या उत्तेजनानंतर कथकच्या पायावर नृत्यनाट्यं उभी केली आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. कुठल्याच नाट्यगृहाच्या पदावर नसताना पाव्हलोवा जगाच्या दृष्टीने प्रिमाच राहिली.

विसाव्या शतकात प्रत्येक देशाने आपापली रीत घातली. पॅरिस ऑपेरात सर्वोच्च पदाला ‘एत्वाल’, म्हणजे तारा, म्हणतात. खालच्या काही पायऱ्या स्पर्धेने चढता येतात. एत्वाल मात्र संचालक नेमतात, बहुधा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच घोषणा करून. तिथल्या नर्तकांना 42 व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. सोव्हिएत संघात गालिना उलानोव्हाला ‘लोककलावंत’ हा सरकारी किताब मिळाला. 1960 मध्ये ती निवृत्त झाल्यावर मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहाची प्रिमा म्हणून तिच्या जागी माया प्लिसेत्स्काया आली. अमेरिकेत बालांचिन यांच्या न्यूयॉर्क सिटी बॅलेने जाहिरातीत कोणा एकाला तारा करणंच नाकारलं, नावं वर्णानुक्रमे छापली. तरीही 1949 च्या ‘फायरबर्ड’नंतर मारिया टॉलचीफ देशाची पहिली प्रिमा ठरली. ओसेज या मूलनिवासी जमातीत जन्मलेल्या मुलीने हे स्थान मिळवलं, याचं मोल किताबापेक्षा अधिक आहे.

आज बहुतेक कंपन्यांच्या पटावर ‘प्रिन्सिपल डान्सर’ हे पद असतं, स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखंच, आणि अशा अनेक प्रिन्सिपल एकाच वेळी असू शकतात. ‘प्रिमा’ हा शब्द इटलीत आणि वृत्तपत्रांत जास्त टिकला. बॅले नाचणाऱ्या कोणाही मुलीला बॅलेरिना म्हणण्याची सवय सर्वत्र असली, तरी व्यवसायातली जुनी माणसं तो शब्द वरच्या पायरीसाठी राखून ठेवतात. ‘आसोलुता’ला तर परीक्षा नाही की नियमावली नाही, एखादी कंपनी, सरकार किंवा राजघराणं तो मान देतं. क्यूबाच्या आलिसिया आलोन्सोला तो लाभला. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना ती रंगमंचावरचे दिवे पाहून दिशा ठरवत असे. लंडनच्या रॉयल बॅलेने मार्गो फॉन्टेन हिला हा मान 1979 मध्ये दिला, तिच्या साठाव्या वर्षी.