मातीखालची पिवळी रेघ

उतारावरून खाली येताना तुमचा पाय मातीत रुततो. घोड्यांच्या टापांनी तुडवलेली ओली माती, मधून मधून लीद. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाची दगडी घरं. उंच टोपीतला एक तरुण डॉक्टर घोड्याचा लगाम धरून उभा आहे. साल 1830, हे तुम्हाला पटायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात डॉक्टरच्या हातात कोणी तरी कागदी कपातला चहा देतं, आणि तुमच्या बुटानं माती थोडी सरकते. खाली डांबर आहे, डांबरावर गाडी उभी करायला बंदी करणारी पिवळी रेघ.

साल 1993. गाव इंग्लंडमधलं स्टॅमफर्ड. बीबीसी इथं जॉर्ज एलियट या लेखिकेच्या ‘मिडलमार्च’ कादंबरीचे सहा भाग चित्रित करते आहे. सुमारे आठशे पानांचा ऐवज अँड्र्यू डेव्हिस यांनी सहा भागांत बसवलाय; दिग्दर्शक अँथनी पेज. चहा पिणारा डॉक्टर म्हणजे लिडगेट झालेला डग्लस हॉज. कादंबरीतला शुष्क विद्वान कॅसॉबन साकारणारे पॅट्रिक मॅलाहाइड दिसले, तर जरा थांबून पाहा. माणूस न ओरडता दुसऱ्याचं आयुष्य कसं सुकवून टाकतो, ते त्यांच्या नुसत्या मानेच्या ताठपणात कळतं. (माझ्या मते मालिका तोलून धरतात ते हेच. कादंबरीतल्या देखण्या, तरुण लाडिस्लॉवर जीव टाकणाऱ्यांनी मला माफ करावं.)

आता एक शंका तुमच्या मनात यायला हवी. एलियटच्या डोळ्यांसमोर गाव होतं कोव्हेंट्री. तिथं ती काही वर्षं शिकली. मग कॅमेरे इथं का?

उत्तरासाठी 14 नोव्हेंबर 1940च्या रात्री चला, पण फार वेळ थांबू नका. कोव्हेंट्रीवर चांदणं आहे आणि पाचशेच्या आसपास जर्मन विमानं आहेत. संध्याकाळी सुरू झालेला मारा पहाटेपर्यंत चालतो. मध्ययुगीन कॅथेड्रलचं छत जळून कोसळतं. ज्या गावावर कादंबरी बेतली, त्याचा जुना गाभा एका रात्रीत गेला.

स्टॅमफर्ड वाचलं, आणि त्याचं श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला देऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनहून उत्तरेकडं जाणारा मुख्य लोहमार्ग पीटरबरोवरून गेला आणि स्टॅमफर्डच्या वाट्याला आडमार्ग आला. घोडागाड्यांच्या वाटेवर पोसलेलं गाव मागं पडलं. कारखाने फारसे आले नाहीत, म्हणून जुनी घरंही फारशी पडली नाहीत. 1967 मध्ये ते इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र ठरलं. गंमत अशी, की कादंबरीत लोहमार्गाची मोजणी करायला आलेल्यांवर शेतमजूर गवताचे काटे घेऊन धावून जातात. त्या कादंबरीसाठी नेमकं रेल्वेनं डावललेलं गाव निवडलं गेलं!

आणखी मागं चला. 1871, लंडन, रीजंट्स पार्कजवळचं ‘द प्रायरी’ नावाचं घर. पन्नाशी ओलांडलेली लेखिका टेबलाशी बसली आहे. तिच्या खांद्यावरून वहीत डोकावा. सुंदर वाक्यं सापडणार नाहीत. एका बाजूला वैद्यकीय टिपणं, पटकीची माहिती. दुसऱ्या बाजूला संसदेतल्या सुधारणा विधेयकाच्या तारखा. ही वही आज ‘खाण’ या नावानं ओळखली जाते, दगडाची खाण म्हणतात ती. कादंबरी घडते 1829 ते 1832 मध्ये, म्हणजे लिहितानाच ती चाळीस वर्षं जुनी आहे. वेशभूषा विभागातली मुलगी कॉलरची उंची जुन्या चित्रांवरून पडताळते, तेच काम ही बाई तारखा उतरवून करते आहे. शेजारच्या खोलीत तिचा जोडीदार लुईस प्रकाशकाच्या पत्रव्यवहारात गुंतलाय. पुस्तक आठ भागांत विकायची कल्पना त्याचीच. पहिला भाग डिसेंबरात निघेल, किंमत पाच शिलिंग. सहा भाग टीव्हीवर दाखवले म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

शेवटचा टप्पा, नोव्हेंबर 1831. कोव्हेंट्रीत रेशमी फितींच्या विणकरांनी वाफेवर चालणारा कारखाना पेटवलाय. जळत्या रेशमाचा वास जळक्या केसांसारखा असतो. तो तुमच्या घशात बसतो. हा वास कुठल्याच कॅमेऱ्यात उतरत नाही. कोव्हेंट्रीपासून थोड्याच मैलांवरच्या नन्ईटनला मेरी अ‍ॅन इव्हान्स नावाची मुलगी शाळेत आहे. या महिन्यात तिला बारावं वर्ष पूर्ण होईल. जॉर्ज एलियट व्हायला तिला अजून पाव शतक आहे. आगीची बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली असेल, कोणाच्या तोंडून, कोणत्या सुरात? तुम्ही मुलींच्या घोळक्यात तिला शोधता आणि चेहरा सापडत नाही.

परत स्टॅमफर्ड. उन्हं उतरली आहेत, आजचं चित्रीकरण संपलंय. फावडी घेतलेली माणसं 1830 गोळा करून ट्रकमध्ये भरताहेत. पुढच्या वर्षी, जानेवारीतल्या एका बुधवारी रात्री, हीच माती बीबीसी टूवर लाखो घरांत दिसेल. पुस्तकाच्या दुकानांत कागदी बांधणीची ‘मिडलमार्च’ खपाच्या यादीत वर चढेल, आणि गावात पर्यटकांच्या बसेस येतील. आत्ता एक बाई मोटारीची काच खाली करून विचारते आहे, इथं गाडी कधी लावता येईल? फावडेवाला खाली बघतो. अर्धी पिवळी रेघ उघडी पडली आहे.