बिनविस्तवाचा झुरका

धाराशिव असो, कळंब असो की भूम, औषधाच्या दुकानात दम्याचं इन्हेलर मागणारा माणूस 'पंप द्या' एवढंच म्हणतो. आणि पंपाचं नाव निघालं की शेजारचं कुणीतरी हमखास बजावतं, "एकदा लागला की सुटत नाही बघा." ज्वारीच्या मळणीत कूस नाकातोंडात जाऊन छाती भरलेली माणसं भिंतीला टेकून, धापा टाकत रात्र काढतात, पण पंप तोंडाला लावत नाहीत. ही भीती आली कुठून? मला वाटतं, ती मुळात पंपाची नाहीच, चिलमीची आणि विडीची आहे. ओढायची वस्तू म्हणजे व्यसन, हे तंबाखूने आपल्या मनात पक्कं बसवलं. पण पंपाच्या घराण्यात तंबाखू फार उशिरा आली, आणि तीही परक्या मुलखातून.

या घराण्याचा मूळपुरुष सापडतो चरकसंहितेत. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपानाची कृती बारकाईने दिली आहे. चंदन, वेलची, वाळा, जटामांसी, ज्येष्ठमध, गुग्गुळ अशी द्रव्यं वाटायची, तो लगदा बोरूच्या काडीवर लिंपायचा आणि अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळं लांब, जवाच्या घाटाची वात करायची. वाळली की आतली काडी ओढून काढायची, पोकळ वातीला तूप चोळायचं, ती नळीला बसवून पेटवायची. नळी सरळ हवी आणि तिचं तोंड बोराच्या बीएवढं. तोंडाने ओढलेला धूर नाकाने सोडायचा नाही, डोळ्यांना अपाय होतो, अशी ताकीदही आहे. धूर कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये, दिवसात कधी घ्यावा, हेही ठरवून दिलं आहे. या यादीत तंबाखू कुठून असणार? ती तर अमेरिका खंडातली वनस्पती.

पोर्तुगीजांमुळे ती दख्खनेत उतरली आणि विजापूरच्या दरबारात रुळली. अकबराचा वकील असदबेग 1604 च्या सुमाराला विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणि जडावाची नळी नेली. बादशहाने झुरका घेतला, तेव्हा हकीम आडवा आला. आपल्या ग्रंथांत या पानाचा उल्लेख नाही, परीक्षा न झालेली वस्तू बादशहांनी घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. ते मला आजही बिनतोड वाटतं. विजापूरच्या गादीवर तेव्हा दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. नळदुर्गला बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीतला, 1613 सालचा. म्हणजे नळदुर्गचा आजचा तुळजापूर तालुका ज्या राज्यात मोडत होता, त्याच राज्यातून तंबाखू आग्र्याला गेली. जहांगीराने 1617 मध्ये बंदी घातली, पण तोवर चिलीम घरोघरी गेली होती.

औषधी धुराची वाट मात्र बंद पडली नाही. 1802 मध्ये मद्रासचे डॉक्टर अँडरसन यांनी जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याला दम्यासाठी धोतऱ्याचा धूर घेण्याचा इथला उपाय सांगितला. जेंटबरोबर तो इंग्लंडला गेला आणि एकोणिसाव्या शतकात तिकडे धोतऱ्याच्या दमाविड्या दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे बांधावर, उकिरड्यावर उगवणारा आणि महादेवाला वाहतात तोच हा धोतरा. त्यातलं अ‍ॅट्रोपिन आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतं, हे खरं. पण धोतरा जहाल विष आहे. एका झाडाच्या पानात किती, दुसऱ्याच्या किती, जळताना त्यातलं किती उरलं, याचा हिशेब कोण देणार? शिवाय दम्याने आधीच सुजलेल्या नळ्यांत धूर कोंबायचा. विस्तव हीच या उपायाची खोट होती.

ती खोट काढण्याचं श्रेय एका लहान मुलीलाही द्यावं लागेल. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी सुझी दमेकरी होती. त्या काळी काचेचा फवारा रबरी गोळा दाबून वापरावा लागे. तो नाजूक, आणि दर दाबाला औषध कमीजास्त यायचं. केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का येत नाही, असं तिने 1955 मध्ये वडिलांना विचारलं. 1956 मध्ये मापून डोस देणारा पहिला पंप बाजारात आला.

त्यातली करामत कणाच्या मापात आहे. कण पाच मायक्रॉनहून मोठा असला तर घशातच आदळतो, फारच बारीक असला तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. एक ते पाच मायक्रॉनचाच फुप्फुसात खोल उतरतो. डबीतल्या द्रवात असे कण तरंगत असतात, म्हणून पंप आधी हलवायचा. झडप दर दाबाला ठरलेलं मापच सोडते. श्वासनळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाला भिऊन गोळ्या खाणारा माणूस चाळीसपट औषध घेत असतो, हे त्याला सांगणारं कुणीतरी हवं.

मुंबईच्या सिप्लाने 1976 मध्ये दम्याचे फवारे भारतात आणले. पुढे पूड ओढायचं रोटाहेलरही खेड्यापाड्यांत पोहोचलं. ते वापरायला सोपं: कॅप्सूल भोकात खोचायची, खालचा भाग फिरवायचा, कॅप्सूल आत फुटते. मग पूर्ण श्वास सोडून, ओठांत धरून जोरात ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत दम रोखायचा. आतली पांढरी पूड बहुतेक दुधातली साखर असते, औषधाचे सूक्ष्म कण तिच्यावर बसून येतात. धोतराही या घराण्यातून गेलेला नाही. पंपातलं इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपिनपासूनच घडवलेलं आहे, विस्तव वगळून आणि माप ठरवून.

याच विद्येवर निकोटिनवाल्यांचीही नजर होती. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटचं पेटंट 1965 मध्ये मिळवलं. चीनच्या होन लिकने 2003 च्या सुमाराला आजची ई-सिगारेट घडवली. तिच्यात ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून वाफ करतात. जळत नाही म्हणून निर्धोक, हा समज 2019 मध्ये अमेरिकेत महागात पडला. मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट फुप्फुसात गेल्याने 2800 वर माणसं आजारी पडली, 68 दगावली. तेच व्हिटॅमिन पोटात गेलं तर पचतं. फुप्फुसाला मात्र पचवण्याची सोय नाही.

भारताने त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेट आणि तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं यांवर बंदी घातली. त्या कायद्याच्या व्याख्येतच एक अपवाद आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेलं उत्पादन या बंदीत येत नाही. दम्याचा पंप त्या परवान्याखाली येतो, तेव्हा डॉक्टरने लिहून दिला असेल तर तो लपवून ठेवायचं कारण नाही. आराम देणारा पंप वरचेवर लागू लागला, तर सवय लागली असं समजून तो फेकू नये. दमा आटोक्यात नाही, असा त्याचा अर्थ, आणि सूज उतरवणारा रोजचा पंप लिहून घ्यायला पुन्हा डॉक्टरकडे जायला हवं.