उन्हाला वैरी करणारे जनुक : डीएनए दुरुस्तीच्या शोधाचा इतिहास (थ्रेड)

१/८
ऊन सर्वांवर सारखेच पडते. पण त्याने केलेली हानी प्रत्येकाच्या पेशींना सारखीच भरून काढता येत नाही. ही उणीव जन्मजात असू शकते आणि तीच कर्करोगाला वाट करून देते, याचा पहिला सबळ पुरावा १९६८ मध्ये हाती आला.

२/८
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी एका दुर्मीळ विकाराचे वर्णन केले. रुग्णांची त्वचा कोरडी व डागाळलेली असे आणि अनेकांना बालपणीच त्वचेचा कर्करोग होई. ‘झिरोडर्मा पिगमेंटोसम’ हे त्याचे नाव. त्याचे मूळ मात्र दीर्घकाळ गूढच राहिले.

३/८
१९६४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड सेटलो, पॉल हॉवर्ड-फ्लँडर्स आणि फिलिप हनावॉल्ट यांच्या गटांचे संशोधन प्रसिद्ध झाले. अतिनील किरणांमुळे डीएनएमधील शेजारचे दोन घटक एकमेकांना जखडले जातात. जिवाणू तो बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या धाग्याच्या आधारे नवा विणतात.

४/८
सॅन फ्रान्सिस्को येथील जेम्स क्लीव्हर यांनी या रुग्णांच्या त्वचेतील पेशींवर अतिनील किरण सोडले. निरोगी पेशींनी किरणोत्सारी खूण असलेला थायमिडीन वापरून दुरुस्ती केली. रुग्णांच्या पेशींत ती दुरुस्ती जवळजवळ आढळलीच नाही.

५/८
मग दोष एकाच जनुकात होता का? १९७२ मध्ये नेदरलँड्समधील डर्क बूट्समा यांच्या गटाने दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी एकत्र जोडल्या आणि दुरुस्ती पुन्हा सुरू झाली! एकीची उणीव दुसरीने भरून काढली होती. अर्थात, दोषी जनुके एकाहून अधिक होती.

६/८
आज अशी आठ जनुके ज्ञात आहेत. सात जनुकांचा संबंध कापून काढण्याच्या प्रक्रियेशी आहे. आठवे निराळे : ते हानी झालेल्या जागेवरूनही डीएनएची अचूक नक्कल करणारे विकर घडवते. त्याची ओळख १९९९ मध्ये पटली.

७/८
आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली, तरच हा विकार होतो. वीस वर्षांखालील रुग्णांत मेलानोमा वगळता इतर त्वचाकर्करोगांचा धोका सुमारे १०,००० पट असल्याचे आढळले आहे. म्हणूनच या मुलांना दिवसाउजेडी अंग झाकूनच वावरावे लागते.

८/८
२०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना डीएनए दुरुस्तीच्या अभ्यासासाठी मिळाले. मोजक्या मुलांच्या दुःखाचा माग घेताना विज्ञानाला प्रत्येकाच्या पेशीत अहोरात्र चालणाऱ्या राखणीचा ठाव लागला. ती राखण ढळली की काय ओढवते, हे जगाला प्रथम या मुलांच्या त्वचेनेच दाखवले.