गुठळी विरघळवणारे औषध आणि आपल्या रक्ताची स्मरणशक्ती

हार्ट अटॅकमध्ये दिले जाणारे 'गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन' तुम्ही ऐकले असेल. त्यातले सर्वात जुने म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. हे औषध मिळाले ते घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून!

१९३३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. विल्यम टिलेट आणि गार्नर यांना दिसले, की या जंतूंच्या द्रावाने माणसाच्या रक्ताची गुठळी परीक्षानळीत विरघळते. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. स्ट्रेप्टोकोकसच्या आजारातून नुकत्याच उठलेल्या रुग्णांच्या रक्ताची गुठळी सहजासहजी विरघळत नव्हती. शरीराने जंतूच्या या पदार्थाविरुद्ध अँटीबॉडीज तयार केल्या होत्या. म्हणजे औषध म्हणून वापर सुरू होण्याआधीच त्याला होणारा विरोध तपासला गेला होता.

१९५८ मध्ये डॉ. सोल शेरी यांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांवरील उपचारांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या काळी अँटीबॉडीज मोजत. रुग्णाचे रक्त अनेक नळ्यांत घेऊन प्रत्येकीत औषधाचे प्रमाण वाढवत न्यायचे. ठरलेल्या वेळात गुठळी विरघळवणारे सर्वात कमी प्रमाण पाहून सुरुवातीचा डोस ठरवायचा. पण अटॅकमध्ये एवढा वेळ कुठला? पुढे अँटीबॉडीजवर मात करील असा १५ लाख युनिटचा डोस तासाभरात देण्याची पद्धत आली. १९८६ साली इटलीतील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने त्यामुळे जीव वाचतात हे सिद्ध केले. भारतात चंदीगडला डॉ. गिरीश साहनी यांच्या चमूने हे औषध स्वदेशी तंत्राने तयार केले.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हे इंजेक्शन एकदा घेतले, की काही दिवसांतच अँटीबॉडीज खूप वाढतात आणि कित्येक वर्षे टिकू शकतात. दुसऱ्या अटॅकला तेच दिले तर परिणाम कमी होऊ शकतो, ॲलर्जीही होऊ शकते. तेव्हा टेनेक्टेप्लेजसारखे दुसरे औषध किंवा अँजिओप्लास्टी निवडावी लागते.

किनवट, देगलूर किंवा निलंग्याहून नांदेड-लातूरला निघालेल्या रुग्णाचे डॉक्टर ही चाचणी करत बसणार नाहीत, ते विचारतील, "पूर्वी कोणते इंजेक्शन दिले होते?" म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि छातीत दुखू लागले तर कार्ड शोधत थांबू नका. आधी १०८ ला फोन करा.