जुनीं चाकें आणि जिवंत गाणें

जुन्या सायकलींचा शौक वरवर पाहतां अगदीं निरुपद्रवी दिसतो. परंतु या शौकाचे चार उपासक एका ठिकाणीं बसले, कीं वादाला तोंड फुटल्यावांचून राहत नाहीं. ज्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत, त्या पुण्यांत असे वाद मीं पुष्कळ ऐकले आहेत. त्यांत दोन विषय ठरलेले असतात. पहिला गिअरचा : एकाच गिअरची साधी सायकल खरी, कीं गिअर बदलणारी? दुसरा विषय चहाचा दुसरा पेला आला म्हणजे निघतो, आणि तो गाण्याचा : समोर बसून मैफलींत ऐकलेलें गाणें खरें, कीं तबकडींतलें? सायकलवाल्यांनीं गाण्याकडे कां वळावें, याचें नवल वाटायला नको. पुण्याच्या ज्या पिढीनें दोन चाकांवर आयुष्य काढलें, त्याच पिढीनें सवाई गंधर्व महोत्सवांत रात्रीच्या रात्री जागून काढल्या.

या दोन्ही वादांचें मूळ एकच आहे. यंत्राची मदत घेतली म्हणजे कामगिरीची किंमत उतरते काय, हा तो प्रश्न होय. इतिहासानें त्याला काय उत्तर दिलें, तें आज पाहूं.

प्रथम गिअर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडांत जी उंच चाकाची सायकल चालत असे, तिच्यांत पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलें असे. पाय एकदां फिरला, कीं चाक एकदां फिरे. वेग हवा तर चाकच मोठें हवें; आणि चाक किती मोठें घ्यावयाचें, हें स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे. लांब टांगेच्या तरुणाला वेग मिळे. ठेंगण्याला तो मिळत नसे. आणि लांब झगा घातलेल्या स्त्रीला त्या चाकावर चढणें जवळजवळ अशक्यच होतें. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यांनीं ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या उंचीचीं होतीं, आणि मागचें चाक साखळीनें फिरत असे.

साखळी आली आणि हिशेब बदलला. शाळेंत गुणोत्तर शिकवितांना मी मुलांना हेंच उदाहरण घालीत असें. पुढच्या चक्राला ४८ दांते आणि मागच्याला १६ असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरतें. चाक २८ इंची असेल तर त्याचा परीघ सुमारें ८८ इंच. म्हणजे एका फेऱ्यांत सायकल २२ फूट पुढें जाते. आतां मागें १६ च्या ऐवजीं २४ दांत्यांचें चक्र लावा. चाक दोनदांच फिरेल आणि सायकल पावणेपंधरा फुटांच्या आसपास जाईल. पण पायाला लावावा लागणारा जोर एक-तृतीयांशानें कमी होईल. चढाची उंची तितकीच राहते, आणि ती चढण्याचें एकूण कामहि तितकेंच राहतें. गिअर फक्त तें काम अधिक फेऱ्यांत वांटून देतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या भांडणांत तीच विसरली गेली.

त्या भांडणाचें मुख्य रणांगण फ्रान्स हें होय. सेंत-एतिएन या गांवीं पॉल द विवी नांवाचे गृहस्थ राहत. त्यांचा जन्म १८५३ चा. ते आधीं रेशमाच्या व्यापारांत होते, पुढें सायकलींच्या नादीं लागले, आणि १८८७ सालीं त्यांनीं सायकलींना वाहिलेलें एक मासिक काढलें. त्यांत ते ‘वेलोसिओ’ या टोपणनांवानें लिहीत. सेंत-एतिएनच्या भोंवतालीं डोंगर आहेत. एकाच गिअरची सायकल सपाटीवर धांवते, पण घाटांत तिच्यावरून उतरून चालावें लागतें, हें वेलोसिओ रोज पाहत होते. म्हणून ते निरनिराळ्या आकारांचीं चक्रें लावून पाहूं लागले. आरंभीं खालीं उतरून साखळी हातानें एका चक्रावरून दुसऱ्यावर घालावी लागे. पुढें बसल्या जागीं साखळी सरकविणारी यंत्रें निघालीं. फ्रेंच भाषेंत त्या यंत्राला ‘दिरेलर’ म्हणतात. त्याचा अर्थ रुळावरून उतरविणारा. आपल्याकडील दुकानांतहि तो शब्द थोडा वांकडा होऊन चालतो.

वेलोसिओंचे प्रतिपक्षी आंरी देग्रांज हेहि कांहीं सामान्य गृहस्थ नव्हते. १८९३ सालीं त्यांनीं एका तासांत ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून विक्रम केला होता, आणि १९०३ सालीं ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत त्यांनींच सुरू केली. १९०२ सालीं फ्रान्सच्या टूरिंग क्लबनें डोंगराळ वाटेवर सायकलींची एक परीक्षा घेतली. एका गिअरच्या सायकलीवर एदुआर फिशेर हे नामांकित शर्यतपटु होते. तीन गिअरच्या सायकलीवर मार्त एस नांवाची एक स्त्री होती. सरस ठरली ती तिची सायकल. यावर देग्रांज यांनीं जें लिहिलें त्याचा आशय असा, कीं असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांना शोभतील. यंत्राच्या युक्तीपेक्षां स्नायूंच्या बळावर जिंकणें हेंच श्रेष्ठ. त्या वेळीं त्यांचें स्वतःचें वय सदतीस होतें.

देग्रांज यांनीं हें मत आपल्या शर्यतीवर लादलें. १९१० सालीं ही शर्यत पिरेनीज पर्वतांतील तूर्माले या २,११५ मीटर उंचीच्या खिंडींतून नेण्यांत आली; आणि तेथेंहि स्वारांना दिरेलर वापरण्याची मुभा नव्हती. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन निरनिराळीं चक्रें असत. घाटाच्या पायथ्याशीं उतरावयाचें, चाक सोडवून उलटें बसवावयाचें आणि पुन्हां निघावयाचें, असा प्रकार चाले. १९२७ सालीं इटलींतील तुल्यो कांपान्योलो हे एका शर्यतींत बर्फांत अडकले आणि गारठलेल्या बोटांनीं त्यांना चाकाच्या चाप्या सोडवितां येईनात, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाहि असो. एका खटक्यासरशीं चाक सुटें करणारी त्यांची युक्ति १९३० पासून ठाऊक झाली, ही गोष्ट खरी. टूर द फ्रान्समध्यें मात्र दिरेलरला परवानगी मिळावयाला १९३७ साल उजाडावें लागलें. त्याच्या आदल्याच वर्षीं आजारपणामुळें देग्रांज यांच्या हातून शर्यतीचीं सूत्रें सुटलीं होतीं. वेलोसिओ १९३० मध्येंच ट्रामच्या अपघातांत वारले होते. आपला विजय पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

इंग्लंडनें निराळी वाट धरली. तेथें गिअर चाकाच्या हबमध्येंच बसविण्यांत आला. नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर यांचा तीन गिअरचा हब १९०२ सालच्या पेटंटांतून निघाला. मधला गिअर सरळ. खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश, चढासाठीं. वरचा एक-तृतीयांशानें अधिक, उतारासाठीं. या रचनेचें मूळ श्रेय विल्यम रायली यांच्याकडे जातें. पण ते आधींच्या एका करारानें बांधलेले असल्यामुळें पेटंट त्यांच्या नांवानें घेतां आलें नाहीं, आणि हबवर नांवें राहिलीं तीं हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचीं. या हबवर वर्षाचा आंकडा ठोकलेला असे. त्यामुळें शौकिनांच्या बैठकींत वय लपविण्याची सोय नसते. चिंधीनें वंगण पुसलें, कीं निकाल लागतो.

आतां गंमत पाहा. १९९७ सालीं इटलींतील कियांती प्रांतांत, गायोले या गांवीं, ‘एरोइका’ नांवाचा जुन्या सायकलींचा मेळा सुरू झाला. पहिल्या वर्षीं ९२ स्वार होते. पुढें जगभरांतून हजारों येऊं लागले. तेथें १९८७ पूर्वींच्या घडणीच्या शर्यतीच्या सायकली आणावयाच्या, गिअरच्या दांड्या सांगाड्याच्या खालच्या नळीवर हव्या, आणि वाट पांढऱ्या मातीची, असा नेम आहे. म्हणजे जो दिरेलर देग्रांज यांना पौरुषाचा नाश करणारा वाटला, तोच आज प्राचीन म्हणून पूजेला लागला आहे! आजचे भक्त त्याची बाजू घेऊन विजेवर चालणाऱ्या गिअरला नांवें ठेवतात. त्यांचीं वाक्यें ऐकावीं, तर तीं थेट १९०२ सालचींच वाटतात.

तें १९०२ साल गाण्याच्याहि इतिहासांत महत्त्वाचें आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरविलें. तबकडी सुमारें तीन मिनिटांची. तिच्यांत विलंबित ख्यालाचा विस्तार मावणार कसा? गाणाऱ्याला आलाप आंवळून, बंदिशीला लागलीच हात घालून, तानांसह सारें उरकावें लागे. गाणें संपतांना गौहरजान स्वतःचें नांव उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनींत तयार व्हावयाच्या आणि तेथील कारागिरांना ही कोण गाते, हें कळावयास हवें होतें. जाणकारांनीं नाक मुरडलें असल्यास त्यांत आश्चर्य नाहीं.

परंतु मैफलींत त्या काळीं कोण बसत असे, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. राजवाड्यांत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पुरुष बसत. घरंदाज म्हणविणाऱ्या बायकांना तेथें जागा नव्हती, आणि गरिबाला तर उंबरठ्याच्या आंतहि येतां येत नसे. तबकडीनें आणि मागाहून रेडिओनें तें गाणें माजघरांत आणलें. उत्तम गायकी म्हणजे काय, हें हजारों स्त्रियांनीं चुलीपुढें बसून ऐकलें. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिकेनें तिकीट लावून जाहीर जलसे केले, तेव्हां त्यांचें नांव आधींच ओळखणारा श्रोतृवर्ग तबकड्यांनीं तयार करून ठेवला होता. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी तर १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. कोणत्या मैफलीला एवढा पल्ला गांठतां आला असता?

तरीहि हे दोन वाद अगदीं एकसारखे नाहींत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. गिअरनें चढ कमी होत नाहीं. म्हणून देग्रांज यांचा पक्ष पूर्णपणें हरला. तबकडींत मात्र एक वस्तु खरोखरच हरवते. मैफलींत गाणारा समोरच्या माणसाकडे पाहून गातो. एखाद्या जागेवर मान हलली, तर तीच जागा तो पुन्हां निराळ्या अंगानें दाखवितो; बैठक थंड असली तर राग लवकर आवरता घेतो. श्रोताहि गाण्यांत भागीदार असतो. तबकडी सर्वांना तेंच आणि तेवढेंच ऐकविते. म्हणून या दुसऱ्या वादांत नव्याचा विजय अर्धा आहे, आणि जुन्या रसिकांची खंत निव्वळ हट्ट म्हणून झटकून टाकतां येत नाहीं.

उरलेला अर्धा भाग पुण्यानें आपल्या परीनें मिळविला. सवाई गंधर्व १९५२ सालीं वारले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. तो वाढत वाढत हजारोंचा झाला. आतां विचार करा : एवढ्या जनसमूहाला तंबोऱ्याचा झंकार ऐकूं आला तो ध्वनिक्षेपकाच्या बळावर. ज्याला आपण जिवंत गाणें म्हणतों आणि ज्याची आठवण काढून तबकडीला नांवें ठेवतों, तेंहि यंत्राच्या खांद्यावर बसूनच आमच्यापर्यंत आलें. बिछायतीवर बसलेल्या तीस जाणकारांच्या मैफलींत, मध्यम स्थितींतील घरचा शाळामास्तर म्हणून, मला जागा मिळाली नसती. मंडपाच्या कडेला मिळाली.

तेव्हां शौकिनांना माझी विनंति एवढीच. ज्याला एका गिअरची सायकल प्रिय आहे, त्यानें ती अवश्य जपावी. पायाखालच्या वाटेशीं तिची जी जवळीक असते, ती तीन गिअरच्या सायकलींत नाहीं. ज्यानें जुन्या मैफली ऐकल्या, त्यानें त्या पुढच्या पिढीला जरूर सांगाव्या. मात्र आपली आवड ही दुसऱ्याच्या दारावरची कडी होऊं देऊं नये. पुण्याचे रस्ते आज मोटारींनीं भरले आहेत आणि उड्डाणपुलांचे चढ नवे झाले आहेत. साठी उलटलेला माणूस, दप्तर घेऊन निघालेली मुलगी किंवा दुखऱ्या गुडघ्यांची गृहिणी यांना पुन्हां सायकलीवर बसवावयाचें असेल, तर त्यांना गिअर लागेल, क्वचित् विजेचीहि जोड लागेल. त्यांना हंसण्याचा अधिकार देग्रांज यांनाहि नव्हता. मग तो आपणांस कोठून असणार?