खोती, विधिमंडळ आणि गायकवाड वाडा : टिळक घराण्याचा एक अभ्यास

प्रस्तावना : लोकमान्य बाळ गंगाधर टिळक (१८५६-१९२०) यांचे राजकीय चरित्र विपुल प्रमाणात लिहिले गेले आहे. तथापि जमीनधारक घराण्याचे वारस आणि विधिमंडळाचे सभासद या नात्यांनी त्यांचा विचार तुलनेने कमी झालेला आढळतो. प्रस्तुत लेखात या दोन नात्यांमधील संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

घराणे : टिळक हे दापोली तालुक्यातील चिखलगावचे खोत. सरकारचा सारा गावातून वसूल करून भरणे हे खोताचे काम. त्याबदल्यात कुळांच्या उत्पन्नात त्याचा वाटा असे. लोकमान्यांचे पणजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलचे मामलतदार होते. वडील गंगाधरपंत यांनी मात्र शिक्षणखात्यात नोकरी धरली व १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. खोतीतील हिस्सा मात्र वारसाहक्काने कायम राहिला.

विधिमंडळ : १८९२ च्या कायद्यानंतर स्थानिक संस्थांना मुंबई कायदेमंडळात प्रतिनिधी पाठविण्याची संधी मिळाली. त्यानुसार टिळक १८९५ मध्ये व पुन्हा १८९७ मध्ये निवडून आले. १८९६-९७ च्या दुष्काळात 'केसरी'ने दुष्काळ संहितेतील तरतुदी रयतेस समजावून सांगितल्या आणि पीक बुडाले असता कर्ज काढून सारा भरू नये, असा सल्ला दिला. जुलै १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना अटक झाली. पुढे १८९९ मध्ये खोती कायद्याच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला, तेव्हा 'केसरी'ने खोतांची बाजू घेतली. देशावरील रयतेसाठी सरकारशी झुंजणारी लेखणी कोकणातील कुळांच्या प्रश्नावर मात्र खोतांच्या हक्कांचे समर्थन करीत होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पुढील पिढी : १९०५ मध्ये टिळकांनी नारायण पेठेतील गायकवाड वाडा विकत घेतला. याच वाड्यात त्यांचे पुत्र श्रीधरपंत यांनी एप्रिल १९२८ मध्ये समाज समता संघाची शाखा स्थापन केली. त्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते व सहभोजनही झाले. त्याच वर्षी श्रीधरपंतांचे अकाली निधन झाले. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे दापोलीलगतच्या मंडणगड तालुक्यातील. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली.

निष्कर्ष : टिळकांच्या भूमिकेतील ही विसंगती केवळ वैयक्तिक स्वार्थातून उद्भवली, असे म्हणता येत नाही. परकीय सत्तेने देशी हक्कांत हात घालू नये, ही त्यांची व्यापक भूमिका होती. परंतु त्या भूमिकेत कुळाच्या हक्काला स्वतंत्र स्थान नव्हते. ते स्थान मिळवून देण्याचे कार्य पुढील पिढीला करावे लागले आणि त्या पिढीतील एक तरुण टिळकांच्याच घरातील होता, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.